यूकॉनच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली २०२५ चं टायटल घेतील का? ड्रॉ बघून माझं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न असा आहे की यूकॉनचा (अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींच्या टीमचा) रेकॉर्ड ३१-३ असूनही एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संस्थेने, मार्चमधल्या राष्ट्रीय टूर्नामेंटमध्ये त्यांना नंबर २ सीडिंग (चार विभागांपैकी आपल्या विभागात दुसरं मानांकन) दिलं, त्यात त्यांची स्टार गार्ड पेज बेकर्सचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष आणि २०१६ नंतर टायटल नाही, मग या वेळी जमेल का की परत फायनल फोरमध्ये (शेवटच्या चारांत) जाऊन घरी. तू स्वतः कॉलेज टीमची पॉइंट गार्ड आहेस म्हणून जरा टेक्निकल लिहिते, मोठं होईल, सवडीने वाच.

आधी सरळ उत्तर. हो, जमेल. आज २०२५ च्या मार्चमध्ये ६८ टीम्सपैकी मला एकच टीम निवडायला सांगितली तर मी यूकॉन निवडीन, नंबर १ सीडिंगवाल्या चारही टीम्स (यूसीएलए, साऊथ कॅरोलिना, टेक्सस आणि यूएससी) बाजूला ठेवून. आणि त्याचं कारण पेज नाहीये. पेज आहेच, ती गेल्या वर्षी पण होती. कारण आहे अॅझी फड आणि सेरा स्ट्राँग, त्यातही जास्त करून अॅझी.

सीडिंगचं आधी संपवून टाकूया. यूकॉन बिग ईस्टमध्ये खेळते, तिथे ते लीगचे १८ पैकी १८ जिंकले आणि मग लीगच्या टूर्नामेंटची फायनल क्रेटनविरुद्ध ७०-५० अशी घेतली. पण बिग ईस्ट यंदा तगडी लीग नाही, त्यामुळे कमिटी बघणार ते लीगबाहेरच्या मोठ्या मॅचेस, आणि तिथे तीन हार आहेत. डिसेंबरमध्ये नोत्र दामकडून ६८-७९, त्याच महिन्यात यूएससीकडून घरच्या हार्टफर्डमध्ये ७०-७२, आणि फेब्रुवारीत टेनेसीकडून ७६-८०. टेनेसीने यूकॉनला २००७ नंतर पहिल्यांदा हरवलं, म्हणजे ती हार मनाला लागणारीच होती. कमिटीच्या जागी मी असते तरी कागदावर नंबर २ च दिलं असतं, त्यात अन्याय वगैरे काही नाही. नंबर २ वरून टायटल घेतलेल्या टीम्स आहेत, बेलर २००५, मेरीलँड २००६, टेक्सस ए अँड एम २०११, आणि एलएसयू तर २०२३ मध्ये नंबर ३ वरून जिंकली. नंबर २ ला पण पहिल्या दोन मॅच घरच्या कोर्टवर मिळतात, म्हणजे स्टॉर्समध्ये गॅम्पल पॅव्हिलियनला. तिथपर्यंत १ आणि २ मध्ये काहीच फरक नाही. फरक पडतो तो पुढे कोण समोर येतं यात, त्यावर खाली येतेच.

आता मुद्द्याचं. ही टीम गेली काही वर्षं मार्चमध्ये का हरत होती ते समजलं की यंदा वेगळं काय ते आपोआप कळतं. लोक म्हणतात कोच जीनो ऑरिएमांचं वय झालं, जादू गेली. अगं, जादूचा प्रश्नच नव्हता, पायांचा होता, गुडघ्यांचा. पेज २०२१ मध्ये फ्रेशमन (कॉलेजच्या पहिल्या वर्षाला) असताना देशातली बेस्ट प्लेयर ठरली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुडघ्याला फ्रॅक्चर, परत आली, २०२२ ची फायनल खेळली, तिथे साऊथ कॅरोलिनाने ६४-४९ असं दाबलं, मग ऑगस्टमध्ये एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) गेला आणि २०२२-२३ चा पूर्ण सीझन बेंचवर. त्याच सीझनमध्ये अॅझीचा पण गुडघा. जानेवारी २०२३ मध्ये तर डीपॉलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली कारण खेळायला पुरेशा फिट मुलीच नव्हत्या, विचार कर, यूकॉनसारख्या प्रोग्रॅममध्ये. त्या वर्षी स्वीट सिक्स्टीनमध्ये (शेवटच्या सोळांत) ओहायो स्टेटने ७३-६१ हरवलं आणि सलग १४ फायनल फोरची मालिका तुटली. पुढच्या वर्षी पेज परत आली तर नोव्हेंबरमध्ये अॅझीचा एसीएल गेला, सोबत आणखी तिघी-चौघी बाहेर. उरलेल्या सात-आठ मुलींना घेऊन ते २०२४ च्या फायनल फोरला गेले आणि आयोवाकडून ६९-७१ हरले. सगळ्यांना शेवटच्या सेकंदातला तो यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सचा मूव्हिंग स्क्रीनचा (डिफेंडरला अडवताना हलल्याचा) फाउल आठवतो, त्यावर आजही भांडणं होतात. मला विचारशील तर मॅच त्या शिटीवर गेली नाही. हाफपर्यंत यूकॉन पुढे होती, मग सेकंड हाफमध्ये पाय जड झाले, शॉट फ्रंट रिमला लागायला लागले. थकलेल्या टीमचे शॉट नेहमी शॉर्ट पडतात, डावी-उजवीकडे जात नाहीत. तू आपल्या वेस्ट झोनला तिसऱ्या दिवशीच्या मॅचमध्ये स्वतः अनुभवलं असशील.

म्हणजे मूळ दुखणं होतं ते दोन प्रकारचं. एक, रोटेशन छोटं. दोन, स्कोअर करणारी एक आणि अर्धी. पेज आणि आलिया. समोरच्या कोचला रात्री बसून दोनच मुलींचा प्लॅन करायचा असेल तर तो कोच शांत झोपतो.

यंदा समोरच्या कोचला झोप लागणार नाही. सेरा स्ट्राँग फ्रेशमन आहे, सहा फूट दोन इंच, आणि मी इतक्या वर्षांत इतक्या लहान वयात इतकी शांत फॉरवर्ड क्वचित बघितली आहे. साधारण १६ पॉइंट आणि ९ च्या आसपास रिबाउंड घेते, पण आकड्यांपेक्षा ती बॉल कुठे पकडते ते बघ. हाय पोस्टला, एल्बोवर, म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या टोकाला. तिथे बॉल आला की तिच्याकडे तिन्ही गोष्टी असतात, वळून शॉट, एक ड्रिबल टाकून ड्राइव्ह, किंवा बॅककट करणाऱ्या (डिफेंडरच्या मागून रिंगकडे पळणाऱ्या) गार्डला पास. आपल्याकडे उंच मुलगी मिळाली की आपण तिला रिंगखाली उभी करतो आणि हात वर कर म्हणतो, तिला पासिंग शिकवतच नाही, मला याचं फार वाईट वाटतं. सेराला लहानपणापासून सगळं शिकवलंय. तिची आई अॅलिसन फीस्टर, नाव ऐकलं नसशील तर लक्षात ठेव. १९९८ मध्ये तिची टीम हार्वर्ड नंबर १६ सीडिंगवर होती आणि नंबर १ स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर ७१-६७ हरवलं, एनसीएएच्या इतिहासात, पुरुषांत काय नि बायकांत काय, नंबर १६ ने नंबर १ ला हरवण्याची ती पहिली वेळ, आणि त्या मॅचमध्ये फीस्टरने ३५ पॉइंट केले होते. मार्चमध्ये काय होऊ शकतं हे त्या घरात सांगावं लागत नाही. तेव्हा स्टॅनफर्डच्या दोन मेन प्लेयर्स टूर्नामेंटच्या तोंडावर गुडघ्याने गेल्या होत्या हे पण खरं आहे, म्हणून मी कुठल्याही टीमच्या चान्सबद्दल बोलताना पहिला प्रश्न विचारते की सगळ्या उभ्या आहेत का.

आणि यंदा यूकॉनमध्ये बहुतेक सगळ्या उभ्या आहेत. पेज, अॅझी, सेरा, सोबत प्रिन्स्टनहून आलेली केटलिन चेन, जिने आयव्ही लीगमध्ये असताना मार्च बघितलेला आहे, मग बॉलवर चिकटणारी केके अर्नोल्ड, शूटर अॅशलिन शेड, आत सहा फूट पाच इंचाची इजिप्तची जना एल अल्फी आणि आइस ब्रेडी, आणि ऑब्रे ग्रिफिन पण सीझनच्या मध्यावर परत आली. फ्रेशमन मॉर्गन चेली घोट्यामुळे बाहेर आहे, तेवढं सोडलं तर आठ-नऊ जणी खेळवता येतात, जीनोंना गेल्या तीन मार्चमध्ये ही चैन नव्हती.

आता अॅझीबद्दल, कारण माझं सगळं गणित तिच्यावर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एसीएल, बरोबर एका वर्षाने नोव्हेंबर २०२४ मध्ये परत आली, त्याच मॅचमध्ये जीनोंनी १,२१७ वा विजय घेऊन कोच टारा व्हॅनडरव्हिअरचा सर्वाधिक विजयांचा रेकॉर्ड मोडला म्हणून तिच्या परत येण्याकडे फारसं कुणाचं लक्षच गेलं नाही. मग डिसेंबरमध्ये परत गुडघा मुरगळला. म्हणजे नोत्र दाम आणि यूएससीच्या हारींच्या काळात ती एकतर नव्हती नाहीतर निम्मीच होती. एसीएलनंतर परत आलेल्या मुलींना मी ट्रेन केलंय, डॉक्टर म्हणतात फिट आहे, मशीन म्हणते ताकद आली, पण मुलगी शॉट घेताना लँडिंगचा विचार करते. अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात डिफेंडर पोचतो. आणि मग ती शॉट घेण्याऐवजी पास देते, बघणाऱ्यांना वाटतं किती समजूतदार खेळते. समजूतदार नाही गं, घाबरलेली असते. हे जायला महिने लागतात आणि ते एका दिवशी अचानक जातं.

अॅझीचं ते फेब्रुवारीत गेलं. सेंट जॉन्सविरुद्ध ३४ पॉइंट, करिअर हाय. आणि त्यानंतर चार दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, साऊथ कॅरोलिनाविरुद्ध त्यांच्याच गावी, कोलंबियात, २८, त्यात सहा थ्री. ती मॅच यूकॉनने ८७-५८ जिंकली. साऊथ कॅरोलिना त्या कोर्टवर सलग ७१ मॅच हरली नव्हती! डॉन स्टेलीची टीम, गेल्या वर्षीची चॅम्पियन, स्वतःच्या घरात २९ ने हरली. मी ती मॅच नंतर परत परत थांबवून बघितली आणि माझ्या टीममधल्या मुलींनाही दाखवली. त्यात पेजचे पॉइंट किती माहितीये? १२. असिस्ट १०. म्हणजे पेजला वीस-पंचवीस करावे लागले नाहीत आणि तरी सीझनमधली सगळ्यात मोठी मॅच एकतर्फी झाली. मी तिथेच ठरवलं की या वर्षी हे वेगळं आहे. पेजवर डबल टीम गेली की बॉल सेराकडे हाय पोस्टला, सेराकडे हेल्प आली की कॉर्नरला किंवा विंगला अॅझी, आणि अॅझी आता विचार न करता उडवते. तीन पासमध्ये खेळ संपतो. तीन ठिकाणी आग लागल्यावर बादल्या दोनच असतात, समोरच्या टीमचं तसं होतं.

टेनेसीची हार त्याच्या दहा दिवस आधीची, ती मात्र मी विसरू देणार नाही, कारण त्यात यूकॉनला हरवायचा एक रस्ता दिसतो. टेनेसीची कोच किम कॉल्डवेल पाच-पाच मुली एकदम बदलते, फुल कोर्ट प्रेस चालू ठेवते, आणि समोरच्या गार्ड्सना बॉल वर आणतानाच दमवते. यूकॉन बॉल फार सांभाळते, असिस्ट आणि टर्नओव्हरचा (बॉल गमावण्याचा) त्यांचा रेशो देशात सगळ्यात चांगल्यांपैकी आहे, पण तो हाफ कोर्टमध्ये सेट होऊन खेळताना. लय तोडली की त्यांना चौथ्या क्वार्टरमध्ये त्रास होतो. यूएससीविरुद्ध पण बघ, सुरुवातीलाच इतके मागे पडले की पूर्ण मॅच पाठलाग करण्यात गेली, आणि हरले ते शेवटी दोन पॉइंटने. म्हणून मी या टीमच्या मॅचमध्ये पहिली पाच मिनिटं फार बारकाईने बघते. चेन आणि पेज प्रेस किती सहज तोडतात, केके आल्यावर वेग वाढतो का घाई वाढते. वेग आणि घाईतला फरक तू पॉइंट गार्ड म्हणून समजून घे, तुझ्या कामाचा आहे.

आता ड्रॉ. पहिली मॅच अर्कान्सा स्टेट, त्यांची ही पहिलीच एनसीएए टूर्नामेंट, त्यांना मनापासून शुभेच्छा पण निकालाबद्दल शंका नाही. दुसरीत ओक्लाहोमा स्टेट किंवा साऊथ डकोटा स्टेट. साऊथ डकोटा स्टेट शिस्तीची टीम आहे, लीगमध्ये हरलेलीच नाही, पण स्टॉर्समध्ये यूकॉनला हरवणं म्हणजे... नाही, मला नाही वाटत. या दोन मॅचमध्ये निकाल बघू नकोस, मिनिटं बघ. जीनो पेजला आणि अॅझीला किती लवकर बसवतात. मोठ्या फरकाने जिंकताना स्टार्टर्सची जेवढी मिनिटं वाचतात तेवढी पुढच्या आठवड्यात कामाला येतात, कारण तिथून पुढे विमानात बसून देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला जायचं, तीन तासांचा टाइम झोन बदलायचा, आणि तिथे एक दिवसाआड दोन मॅच.

स्पोकेनमध्ये पहिली बहुतेक ओक्लाहोमा, नंबर ३. किंवा आयोवा, नंबर ६, आणि आयोवा आली तर गेल्या वर्षीच्या आठवणीने टीव्हीवाले वेडे होतील, पण त्यांची तेव्हाची स्टार केटलिन क्लार्क आता तिथे नाही. मी ओक्लाहोमा धरून चालते. त्यांच्याकडे रेगन बीअर्स आहे, सहा फूट चार इंच, जाड बांध्याची, ओरेगन स्टेटहून आलेली सेंटर, पोस्टमध्ये खांदा लावून जागा घेते की हलवता येत नाही. इथे मला काळजी आहे ती जनाच्या फाउल्सची. तिला पहिल्या क्वार्टरमध्येच दोन बसले की सेराला सेंटरवर खेळावं लागतं, मग सेराला मार बसतो, तिला फाउल लागायला लागतात, आणि सेरा बेंचवर गेली की यूकॉनचं हाय पोस्टचं सगळं यंत्र बंद. म्हणजे बीअर्सला थांबवण्याचं खरं काम गार्ड्सचं आहे, तिच्याकडे पास सोपा जाऊ द्यायचा नाही, बॉलवर इतका प्रेशर की पास उशिरा आणि लांबून यावा. पोस्ट डिफेन्स बाहेरून सुरू होतो हे मी आमच्या ग्राउंडवर घसा बसेपर्यंत ओरडते. ओक्लाहोमा पळते पण खूप आणि टर्नओव्हर पण करते, तिथे यूकॉनला सोपे बास्केट मिळतील. ही मॅच मला अवघड वाटत नाही, थोडा वेळ अटीतटीची होईल आणि मग सुटेल.

मग यूएससी. या ड्रॉमधली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की फायनल फोरच्या आधीच त्यांची स्टार जुजू वॉटकिन्स समोर. गेल्या वर्षी पण याच टप्प्यावर, पोर्टलंडमध्ये, यूकॉनने यूएससीला ८०-७३ हरवलं होतं, जुजूचे २९ आणि पेजचे २८, मी त्या मॅचवर तासभर बोलू शकते. या वर्षी यूएससीकडे स्टॅनफर्डहून आलेली किकी इरियाफेन पण आहे. जुजू सहा फूट दोन इंचाची गार्ड, तिला एकटीने कुणी थांबवू शकत नाही, तिला फक्त कष्टाचे शॉट द्यायचे. तिला तीस झाले तरी चालतील पण ते तीस शॉट घेऊन झाले पाहिजेत आणि बाकीच्या चौघींना लय मिळता कामा नये. केके अर्नोल्ड तिच्यावर, मागे सेरा हेल्पला, आणि डाव्या-उजव्या हाताचा प्लॅन ठरलेला. डिसेंबरमध्ये यूकॉनने हेच करायचा प्रयत्न केला पण अॅटॅकमध्ये अॅझी नसल्यात जमा होती, त्यामुळे यूएससीला पेजकडे दोन मुली पाठवायची हिंमत झाली. आता ती हिंमत महागात पडेल. तरी ही मॅच मी साठ-चाळीस धरते, त्याहून जास्त नाही, कारण जुजूसारखी प्लेयर एका रात्रीत कुणाचंही गणित बिघडवते. सगळ्या टूर्नामेंटमध्ये मला यूकॉनसाठी सगळ्यात जास्त भीती वाटते ती इथे, फायनलला नाही.

इथून पार पडले तर टँपा, ४ आणि ६ एप्रिल. टँपाचा यूकॉनचा इतिहास दोन्ही प्रकारचा आहे, २०१५ ला तिथेच नोत्र दामला ६३-५३ हरवून टायटल घेतलं आणि २०१९ ला तिथेच नोत्र दामकडून सेमीफायनल हरले. त्या काळात सेमीफायनल म्हणजे त्यांना शापच लागला होता जणू. २०१७ ला सलग १११ विजयांनंतर मिसिसिपी स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये शेवटच्या शॉटवर ६४-६६, २०१८ ला परत ओव्हरटाइम, परत शेवटचा शॉट, अरिके ओगुनबोवालेचा, मग २०१९, मग २०२१ ला अॅरिझोना. २०१७ ला मिसिसिपी स्टेटचे कोच व्हिक शेफर होते, ते आता टेक्ससला आहेत, नंबर १ सीडिंगवर, ड्रॉच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे फायनलमध्ये गाठ पडू शकते.

सेमीफायनलला बहुतेक यूसीएलए, सगळ्या ड्रॉमधली पहिल्या क्रमांकाची टीम, फक्त दोन हार आणि दोन्ही यूएससीकडून, आणि मग त्यांच्या लीगच्या, बिग टेनच्या, फायनलमध्ये त्याच यूएससीला हरवून परतफेड. लॉरेन बेट्स सहा फूट सात इंच. सगळे म्हणतात यूकॉनकडे बेट्सला उत्तर नाही. मी उलटं विचारते, बेट्सकडे सेराला उत्तर आहे का? बेट्सने सेराला गार्ड केलं तर सेरा तिला थ्री पॉइंट लाइनबाहेर ओढणार, रिंगखालची जागा रिकामी, आणि यूकॉनच्या बॅककट सुरू. बेट्सला जना एल अल्फीवर ठेवलं आणि ती आत थांबली, तर सेरावर छोटी मुलगी येणार. दोन्हीकडून यूसीएलएला काहीतरी सोडावं लागतं. आणि यूसीएलएच्या गार्ड्सना सतत प्रेशर दिला की त्या बॉल घालवतात, हे यूएससीने दाखवलंय. म्हणून गंमत बघ, सीडिंगने सगळ्यात मोठी टीम ती, पण मला यूकॉनसाठी ती यूएससीपेक्षा सोपी जोडी वाटते. बास्केटबॉलमध्ये कोण चांगलं हा प्रश्न अर्धाच असतो, कोण कुणासमोर हा उरलेला अर्धा.

फायनलला साऊथ कॅरोलिना आली तर त्यांच्या मनात २९ ची आग असेल. त्यांचं बळ म्हणजे बेंच, दहा जणी खेळतात आणि दहाव्या मुलीने पण पळून दमवायचं, मिलेशिया फुलवायलीसारखी प्लेयर तिथे बेंचवरून येते. त्यांच्या लीगची, एसईसीची, फायनल त्यांनी टेक्ससविरुद्ध ६४-४५ घेतली, म्हणजे डिफेन्स जागेवर आहे. पण गेल्या वर्षीची कामिला कार्डोसो गेली, अॅशलिन वॉटकिन्स जानेवारीत गुडघ्याने बाहेर, आत तेवढी उंची राहिली नाही, आणि फेब्रुवारीत यूकॉनने त्यांना रिबाउंडमध्ये पण मागे टाकलं. त्या वेळी २९ चा फरक होता म्हणून परत होईल असं अजिबात नाही, स्टेली दुसऱ्यांदा तीच चूक होऊ देत नाहीत. पण मॅचअप यूकॉनकडे झुकतो एवढं नक्की.

पेजबद्दल पण लिहिते, नाहीतर तू म्हणशील तिला विसरले. जवळजवळ २० पॉइंटची अॅव्हरेज, अर्ध्याहून जास्त शॉट आत, फ्री थ्रो दहातले नऊच्या आसपास, आणि टर्नओव्हर इतके कमी की माझ्या टीममध्ये अशी गार्ड असती तर मी टाइमआउटच घेतले नसते. तिचा एकच गुण मला या वर्षी थोडा अडतो, ती फार वेळ सगळ्यांना खेळवत बसते. समोरची टीम दहाने पुढे गेली की मग स्वतः शॉट घ्यायला लागते. रेग्युलर सीझनमध्ये हे चालतं, कारण क्रेटन किंवा व्हिलानोव्हाविरुद्ध वेळ असतो. मार्चमध्ये एका वाईट क्वार्टरला दुसरा चान्स नाही. मला वाटतं जीनोंनी तिला हे सांगितलंच असेल, मीडियासमोर पण ते वर्षभर म्हणत आलेत की तिने जास्त आक्रमक व्हावं. शेवटचं वर्ष आहे, इथून ती थेट डब्ल्यूएनबीएला (बायकांच्या प्रोफेशनल लीगला) जाणार, आता राखून ठेवायचं काय. एका मॅचमध्ये, बहुतेक स्पोकेनमध्येच, तिला तीस-पस्तीस करावे लागतील आणि तिने ते पहिल्या हाफपासून करायला सुरुवात केली पाहिजे.

तू शेवटी विचारलंयस की जिंकायचा चान्स आकड्यात सांगा. फायनल फोरला पोचण्याचा मी पंचावन्न ते साठ टक्के धरते, सगळं टायटल घेण्याचा तीसेक टक्के. तीस ऐकून कमी वाटेल, पण सहा मॅच सलग जिंकायच्या आहेत आणि एक हार म्हणजे घर, अशा टूर्नामेंटमध्ये बाकी कुठल्याच टीमला मी पंचविसाच्या वर देत नाही. अॅझीचा किंवा पेजचा गुडघा मध्येच काही बोलला तर हे आकडे लगेच निम्मे कर. आणि शनिवारी अर्कान्सा स्टेटविरुद्धची मॅच बघायला बसशील तेव्हा अॅझीने पहिल्या क्वार्टरमध्ये किती शॉट घेतले ते मोज, आत किती गेले ते मोजू नकोस. पाच-सहा घेतले असतील तर मी वर लिहिलेलं सगळं जागेवर आहे, एक-दोनच असतील तर मला मेसेज कर, आपण परत बोलू.